अबोला धरलेली गाडी

बिघडलेल्या गाडीत शिरताना सेतुमाधवराव आधी चपला काढतात, मग डॅशबोर्डला कान लावतात आणि गंभीरपणे विचारतात, "कोण कोणाशीं बोलेना?" बॉनेट उघडणं वगैरे नंतर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माणूस कामातून गेला. मलाही तसंच वाटलं होतं.

राव तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, त्यामुळे शब्द बखरीतले आणि चाल तमिळ. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तपासण्यात त्यांची नोकरी झाली. आता तिरुवल्लिकेणीत, मी राहायचो त्या मॅन्शनसमोरच, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजसमोर, राहतात. विनय हा गुण त्यांच्यात औषधालाही नाही. "ह्या मद्रासांत गाडीची भाषा कळणारे दोघे. एक मी." दुसरा कोण म्हणून विचारलं तर म्हणतात, "तो अजून जन्मायचा आहे."

गाडी म्हणजे त्यांच्या मते एकत्र कुटुंब. इंजिनचा कंप्युटर हा थोरला भाऊ, ब्रेकचा धाकटा, आणि मीटर ही घरातली सून. सगळ्यांचं ऐकून तीच चारचौघांत सांगते. ही मंडळी एकमेकांशी बोलतात ती पीळ घातलेल्या दोन तारांवरून. "तारेस कांहीं झालें कीं अबोला. मग मूर्ख लोक काय करतात? थोरल्यासच घराबाहेर काढतात. म्हणे नवा कंप्युटर घाला!"

सेल्वमचं प्रकरण याच अबोल्याचं. आमची सिरुसेरीच्या ऑफिसची गाडी तो चालवायचा. गाडी खड्ड्यात आदळली की मीटरचे काटे आडवे व्हायचे, सगळे दिवे एकदम पेटायचे, आणि बंद केली की पुन्हा सुरू होईना. थोड्या वेळाने आपली आपणच शहाणी. सर्व्हिस सेंटरने निकाल दिला: वायरिंगमध्ये कोणीतरी हात घातलाय. कोणीतरी म्हणजे कोण? ड्रायव्हर! यांच्याकडे गुन्हेगार नेहमी ड्रायव्हरच असतो. गाडीच्या मालकाला सगळे मुदलाळी म्हणत. त्याने सेल्वमला सांगून टाकलं, शनिवारनंतर येऊ नकोस. चौकशी नाही, पुरावा नाही. सेल्वमच्या घरात कमावता तो एकटाच.

मी तेव्हा कॅबचालकांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहून वाटत असे. रागाने पेटून लगेच एक लिहिलं: 'हा न्याय की दंडेली?' मुदलाळीने ते पुढून-मागून पाहिलं आणि त्याच कागदाने गाडीची काच पुसली.

"पत्रक मरूं द्या," राव म्हणाले. "गाडी आणा. तो मुदलाळीही येऊं दे."

शनिवारी सकाळी गाडी गल्लीत उभी राहिली. मुदलाळी पांढरीशुभ्र वेष्टी नेसून हजर. रावांनी बॅटरीची तार सोडवली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तारांचा रोध मोजायचा आपला मीटर लावला. "साठ ओहम. घर सुरळीत आहे."

"बघा!" मुदलाळी खूश. "तारा ठीक आहेत. खोट याच्या हातात आहे."

सेल्वम मान खाली घालून उभा होता. राव माझ्याकडे वळले. "तुम्ही चळवळे ना? बंपरावर चढा. उड्या मारा."

मी मारल्या. मॅन्शनच्या गॅलरीत गर्दी जमली. तिसऱ्या उडीला राव ओरडले, "पडला! आकडा शून्यावर! कोठेंतरी दोन्ही तारा एकमेकींस शिवतात!" मग त्यांचे हात डॅशबोर्डवरून आंधळ्यासारखे सरकत गेले आणि लुकलुकत्या दिव्याच्या पिळ्ळैयारापाशी, म्हणजे तिथे बसवलेल्या गणपतीपाशी, थांबले.

"सामीला हात नको!" मुदलाळी किंचाळला.

"शेरि, बरं. मग तुम्हीच उचला."

मुदलाळीने मूर्तीखालचा स्क्रू स्वतः फिरवला. निघता निघेना, निघाला तो बोटभर लांब! मी पुन्हा उड्या मारल्या, अगदी घाम फुटेपर्यंत. आकडा साठवरून हलला नाही. खाली तारांचा पीळ होता आणि स्क्रू बरोबर दोघींच्या मधून गेला होता.

"कोणी बसवला?" रावांनी तमिळमध्ये विचारलं.

मुदलाळी स्क्रू पुसत राहिला. शेवटी सेल्वमच म्हणाला, "मुदलाळींनी. आयुधपूजेला, स्वतःच्या हाताने. मी म्हटलं होतं, चिकटपट्टी लावू. तर म्हणाले, सामीला चिकटवतात का रे?"

गॅलरीतून असा काही हशा उसळला की कावळे उडाले. मी बंपरावरूनच गर्जलो, "माफी मागा!" आणि मुदलाळीने मागितली हो. सगळ्यांसमोर, सेल्वमच्या खांद्यावर हात ठेवून. "चूक माझी. चावी घे. आत्तापासून तूच." इतकी पत्रकं लिहिली, पण माणूस असा जागच्या जागी नमलेला मी कधी पाहिला नव्हता. शिट्ट्या, टाळ्या! रावांनी तारा सोलून जोडल्या, टेप गुंडाळली, पीळ पुन्हा घातला, बॅटरी जोडली आणि गजाननाला चिकटपट्टीवर विराजमान केलं. पट्टीचे कोपरे मुदलाळीनेच दाबले.

मग रावांनी चाचणीची फेरी मागितली. ती म्हणे प्रत्येक दुरुस्तीनंतर हवीच. सेल्वम चालवायला, मागे राव आणि मी. समुद्राकडच्या रस्त्यावर सेल्वम मुद्दाम एकेक खड्डा शोधून गाडी आदळवत होता आणि एकही दिवा लागत नाही म्हणून मोठमोठ्याने हसत होता. राव मात्र मीटरकडे बघतच नव्हते.

"बोला कीं," ते म्हणाले.

"काय बोलू, काका?"

"कांहींही. आमची ही गेली, तेव्हांपासून घरांत मराठी नाहीं. पोरगा कुशल विचारतो, तें तमिळांत. चांगला आहे पोरगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळीं काय खाल्लेंत?"

"उपमा."

"तसें नव्हे. सविस्तर."

मग मी सांगत गेलो. मेसवाल्याने मीठ दोनदा कसं घातलं, मोहरी कशी करपली, कोणी ताट परत केलं, कोण भांडलं. राव डोळे मिटून ऐकत होते, मध्येच "मग?" म्हणत होते. दीपगृहापाशी परत वळायचं ठरलं होतं. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या सेल्वमने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी सरळ पुढे घेतली.