देवासमोर तीन मॅक्सी ड्रेस

“नवा कापड देवाक दाखयल्याशिवाय आंगार घालूचा नाय, जानकी!”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण बोरिवलीच्या त्या घरात नव्या कपड्याची घडी मोडली की जानकीकाकूंच्या कानात हा आवाज उमटायचाच. बुधवारी दुपारी नव्या सुनेचं, अक्षताचं, पार्सल आलं. “उघडून बघा ना आई, कसे वाटतात!” असा तिचा ऑफिसातून फोनही आला. काकूंनी तिन्ही मॅक्सी ड्रेस देवासमोर पाटावर मांडले. एक निळा, बारीक फुलांचा. एक सायीच्या रंगाचा. आणि एक गर्द हिरवा, लांब बाह्यांचा. प्रत्येकाच्या गळ्याखाली हळदीकुंकवाचं बोट टेकवलं, “पोरीला लाभू देत” म्हणून हात जोडले आणि होत्या तशा घड्या घालून ठेवल्या.

संध्याकाळी अक्षताने आधी निळा चढवला. फुलाफुलांत कुंकवाचं बोट कुठच्या कुठे लपलं होतं.

“झकास! शनिवारी गोराईला फ्लेवियाच्या लग्नात हाच. बाकीचे दोन परत.”

“परत?” काकूंच्या हातातली पळी थांबली.

“एकच ठेवायचा होता, आई. हिरवा तर चुकून मोठ्या मापाचा मागवला. उद्या सकाळी माणूस येईल, तेवढे द्या त्याला.”

देवाला दाखवलेली वस्तू परत? पण घरात येऊन चारच महिने झालेल्या सुनेला ‘मी तुझ्या कपड्यांना कुंकू लावलं’ हे सांगायचं कसं? सून आपल्याला मागासलेली म्हणाली असती तर तेही चाललं असतं. ती गप्प बसली असती तर मात्र काकूंना सोसलं नसतं.

गुरुवारी अक्षता आणि मुलगा सिद्धेश कामाला गेल्यावर, डाग काढून देऊन टाकू म्हणून, काकूंनी आधी सायीच्या रंगाचा ड्रेस मोरीत नेला आणि डागावर साबण घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. घाईत ते आठवलं नाही. दाण्याएवढं बोट बघता बघता बंद्या रुपयाएवढं झालं.

तेवढ्यात बेल वाजली.

“काकी, दोन ड्रेस रिटर्न आहेत ना?”

गुरुवारी दुपारच्या आरतीपर्यंत काकूंचं मौन असे. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“म्हणजे आहेत?”

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. माणूस दचकला आणि कुजबुजला, “कोणी झोपलंय का?”

समोरच्या दारातून जयंतीवहिनी डोकावल्या. “मौन असा तिचा. माका विचारा.”

काकूंनी देवघराकडे हात केला, कपाळाला बोट लावलं, मग ओला ड्रेस पुढे धरला.

“म्हणता, कपड्यांची पूजा झाली हा,” वहिनींनी अर्थ लावला.

“कपड्यांची?”

“गाडीची नाय करीत? तशी.”

“करतो ना,” माणूस विचारात पडला. “पण पूजा करून गाडी परत नाय देत आपण.”

काकूंनी आतून हिरवाही आणून दिला. माणसाने हिरवा ड्रेस उलगडला. गळ्याखाली कुंकू टवटवीत होतं. “शुभ आहे, काकी. पण डाग असला की आम्हाला घेता येत नाय.” जाताना मात्र त्याने चपला काढून देवघराच्या दिशेने हात जोडले.

संध्याकाळी काकूंनी सगळं सांगितलं. अक्षता ओल्या ड्रेसकडे बघत राहिली.

“वाट लागली माझ्या बजेटची,” ती म्हणाली. मग हळूच, “मला एकदा विचारायचं ना, आई.”

तो ‘ना’ काकूंना लागला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“हे भारी आहे,” सिद्धेश म्हणाला. “लोक प्रसंगाला ड्रेस शोधतात. आपल्याकडे ड्रेस तयार, प्रसंग शोधा!”

“गप रे!” दोघी एकदमच म्हणाल्या, आणि त्यातच थोडं हलकं झालं.

काकू पुढे सरसावल्या. “सायीचा ऑफिसला घाल. तुझ्या गळ्यात ते ओळखपत्र असतंच, डाग त्याच्याखाली जाईल. शेंदरी ओढणी घेतलीस तर सणालासुद्धा चालेल.”

अक्षताने ओळखपत्र ड्रेसवर धरून पाहिलं. डाग खरंच झाकला. “आणि हिरवा?”

तिने हिरवा उचलून काकूंच्या खांद्यांना लावून पाहिला.

“तो तुमच्या मापाचा आहे, आई.”

“इश्श! मी साडीशिवाय देवळात गेले नाही कधी.”

“मग देवळातच जा, मंगळवारी. द्या शब्द!” आवाजात थट्टा होती, पण कडेला जरासा रुसवाही होता.

“दिला,” काकू म्हणाल्या.

शुक्रवारी ऑफिसात दोघी मैत्रिणींनी अक्षताला सायीच्या ड्रेसचं दुकान विचारलं. शनिवारी गोराईच्या चर्चबाहेर नवरीच्या आईने निळ्या फुलांवरून हात फिरवला. अक्षता रात्रीच्या जेवणाला फोटो दाखवत बसली, खळखळून हसली. हिरव्याचं नावही तिने काढलं नाही. काकूंनीही काढलं नाही.

मंगळवारी पहाटे घर झोपलेलं असताना काकूंनी हिरवा ड्रेस अंगात घातला. मापात बसला. पदर नव्हता, म्हणून खांद्यावरून शाल घेतली. जपमाळ कमरेला खोचायला हात गेला, तिथे खोचायला काही नव्हतंच. हात चाचपडत खाली सरकला आणि चक्क खिशात गेला. दुसऱ्या बाजूलाही खिसा! एकात जपमाळ, दुसऱ्यात घराची किल्ली. इतकी वर्षं देवळात किल्ली धरून आपला एक हात अडकलेलाच असायचा, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

भिंतीवरच्या फोटोतून सासूबाई नेहमीसारख्या रोखून बघत होत्या. काकूंनी गळ्याखालच्या कुंकवावर बोट ठेवलं.

“दाखवलंय हो देवाला,” त्या पुटपुटल्या, फुलांची परडी उचलली आणि कडीचा आवाज न करता जिना उतरू लागल्या.