मन्सारामभाऊजींच्या गाडीतली पाणीचोरी

मन्सारामभाऊजींच्या गाडीत बसायचं असेल, तर पंखा हवा की हॉर्न हवा हे आधीच ठरवावं लागतं. दोन्ही एका वेळी मिळत नाही. पंखा सुरू असताना समोर म्हैस आली, तर भाऊजी आधी पंखा बंद करतात, मग हॉर्न वाजवतात. तोवर म्हैस रस्ता ओलांडून रवंथ करायला बसलेली असते. मी एकदा विचारलंच, "भाऊजी, असं काहून?" तर म्हणाले, "वहिनी, तलाव एकच हाये. दोन तोंडं एकदम उघडली तर टेलवाल्याले काय मिळन?"

तलाव म्हणजे बॅटरी, हे मला नंतर कळलं.

भाऊजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. जन्मभर सायकलवर कालव्याच्या काठानं फिरायचं, कोणाची पाण्याची पाळी आहे ते पाहायचं, आणि कोणी मधेच भोक पाडून आपल्या बांधीत पाणी वळवलं तर त्याला धरायचं. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी अंगांनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं. कालव्याच्या तोंडाशी ज्यांच्या बांध्या, ते हेडवाले. शेवटी ज्यांच्या, ते टेलवाले. हेडवाला चोर आणि टेलवाला उपाशी, अशी भाऊजींच्या डोक्यात जगाची वाटणी कायमची झालेली. माझ्या मुलीच्या लग्नात पंगत बसली, तर हे वाढप्यांच्या आडवे उभे राहिले. "टेलकडून सुरू करा! हेडवाले दोनदा घेतात!" पहिल्या पानावर माझे व्याही बसले होते. त्यांच्या पानात वरण सगळ्यांच्या शेवटी पडलं. त्यांनी ते अजून विसरलेलं नाही, आणि मी त्यांना विसरूही देत नाही.

माझी पिठाची चक्की भाऊजींच्या घराला लागून आहे. अड्याळच्या निम्म्या घरांचं पीठ माझ्या हातून जातं आणि बातम्या सगळ्याच घरांच्या. त्यामुळे भाऊजींची गाडी बंद पडली ही बातमी गावाला मीच दिली, हे कबूल करते.

गाडी जुनी आहे. पांढरी म्हणून घेतली होती, आता ताकाच्या रंगाची आहे. चाकांच्या वर गंजानं जाळी पडली आहे. तीत एकदा चिमणीनं घर केलं, तेव्हा पिल्लं उडेपर्यंत भाऊजी पायी फिरले. तर त्या दिवशी सकाळी त्यांनी चावी फिरवली आणि आवाज आला, टक. एकच. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. दिवे मात्र झकाझक. हॉर्न असा खणखणीत की माझ्या चक्कीतलं गिऱ्हाईक दचकलं.

भाऊजी बाहेर आले. चेहरा गंभीर, पण डोळे चमकत होते. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी माणसाला ड्यूटी लागली होती.

"वहिनी, तलाव भरून हाये. दिवे लागतात म्हणजे तलाव भरून हाये. पण टेलले पाणी पोचत नाही. मधात कोणी तरी चोरून रायलं."

"गाडीत कोण चोरन जी?"

"थेच तर पाहाचं हाये."

धक्का मारून सुरू करावी, तर तेही जमेना. गाडी उभी होती गोठ्यात, भिंतीकडे तोंड करून. आधी ती उलटी ओढून बाहेर काढायला चार धडधाकट माणसं हवीत, आणि गावात रोवणी सुरू. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं, आमचे पऱ्हे, चिखलात लावायच्या दिवसांत, आमच्या गल्लीत म्हातारे आणि कोंबड्या एवढेच उरतात. कोंबड्यांचा तरी उपयोग असतो.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून राजूचा, म्हणजे भाऊजींच्या मुलाचा फोन आला. पोरगा चांगला आहे, पण नागपूरला राहून त्याला सगळ्याच गोष्टी उरकायची घाई झाली आहे. तो म्हणाला, "बाबा, मी पुढच्या रविवारी येतो. तोपर्यंत सुरू झाली तर ठेवा. नाही तर टोचन करून भंगारात नेतो. मला आता रोज त्या गाडीची कटकट ऐकायची नाही. तुम्हाला कुठे जायचं असेल तेव्हा फोन करा, मी गाडी पाठवत जाईन." भाऊजी फक्त "हो" म्हणाले आणि थेट गोठ्यात गेले.

मग जी चौकशी सुरू झाली, ती तुम्ही पाहायला हवी होती. भाऊजींनी वहीत गाडीचा नकाशा काढला. बॅटरीच्या जागी तलाव, जाड वायर म्हणजे मुख्य कालवा, बारीक वायरी म्हणजे पाटचाऱ्या, आणि शेवटी इंजिन फिरवणारी मोटर, जिला मिस्त्री लोक सेल्फ म्हणतात, ती टेलची बांधी. मग एकेका पाटचारीवर संशय. रेडिओचा फ्यूज काढला, डब्यात टाकला. पंख्याचा काढला. काचेच्या पुसणीचा काढला. छतातला छोटा दिवा काढला, तेव्हा मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

"वहिनी, इथं सही करा. पंचनामा हाये."

"दिव्याचा?"

"जुना गुन्हेगार हाये. दार उघडं रायलं का जळत असते."

मी पिठाच्या हातानं सही केली. दिवा डब्यात गेला. चावी फिरवली. टक.

मग पवनीचा मिस्त्री आला. त्यानं बोनेट उघडलं, नाक खुपसलं आणि म्हणाला, "काका, सेल्फ गेला."

"गेला कुठं? हा काय समोर हाये."

"म्हणजे जळला जी."

त्यानं सेल्फ काढला, माझ्या चक्कीच्या पायरीवर ठेवला आणि बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. तो घर्रकन फिरून बेडकासारखा उडाला आणि माझ्या ज्वारीच्या टोपल्यात पडला. म्हणजे सेल्फ जिवंत. परत बसवला. टक. पुन्हा काढला. घर्र. पुन्हा बसवला. टक. मिस्त्री घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "काका, बाहेर फिरते, आत फिरत नाही. हिले काही बाहेरचं लागलं असन. एखाद्या जाणकाराले दाखवा. मले तर उद्या सुट्टी पाहिजे, माया घरी रोवणी हाये." आणि पान्हे गोळा करून गेला.

खोटं कशाला सांगू, या सगळ्यात मला भाऊजींचा राग येत होता. त्याला कारण पार्वताबाई.

पार्वताबाई म्हणजे भाऊजींची बायको. एके काळी गावातल्या रोवणाऱ्या बायांची म्होरकी. वीस बायांचा जथा हिच्या शब्दावर चिखलात उतरायचा. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. दिवसभर ओसरीवर खाटेवर बसून असते. मी दुपारी जाऊन बसते, गावाच्या गोष्टी सांगते. ती नुसती मान हलवते. कधी तेही नाही. आणि नवरा? नवरा गोठ्यात, बोनेटमध्ये डोकं घालून, रेडिओची उलटतपासणी घेत.

एकदा मी त्यांना तोंडावर म्हटलं, "भाऊजी, तिकडं खाटेवर माणूस बसून हाये. तिले तर पाहा जरा. हे लोखंड काय पळून जाते?"

"हो वहिनी," ते म्हणाले, "थेच पाहून रायलो," आणि आणखी एक फ्यूज काढला.

मी कपाळाला हात लावला. पुरुषाच्या जातीला म्हातारपणी एखादं खेळणं लागतंच, असं समजून गप्प बसले. गाडी चालू होती तेव्हाही रोज संध्याकाळी पार्वताबाईला शेजारी बसवून हे गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हवा खायला जायचे. आम्ही गल्लीतल्या बाया हसायचो. हवा तर ओसरीवरही येते, पण साहेबांना गाडी दाखवायची हौस!

रविवार उजाडला. राजू दुपारपर्यंत येणार होता. मी चक्की उघडायच्या आधीच भाऊजींनी भिंतीवरून हाक मारली. डोळे सुजलेले, मिशीला ग्रीस.

"वहिनी, मी चावी फिरवतो. तुम्ही फक्त पाहा, कुठं ठिणगी पडते काय."

आता माझे डोळे काही तरुण नाहीत. पण माझा हात अजून शाबूत आहे. चक्कीवालीचा सगळा धंदा तळहातावर चालतो. पीठ किती तापलं, बेअरिंग किती तापलं, मोटर बसायला आली की नाही, हे मी हात लावून सांगते. तर त्यांनी पाचसहा वेळा टक टक केलं आणि मी सवयीनं एकेका ठिकाणी हात ठेवत गेले. बॅटरी गार. जाड वायर गार. सेल्फ गार. आणि मग एका बारक्या तारेला बोट लागलं.

"हाय माय!"

"काय झालं?"

"भाजलं ना बाप्पा! ही बारकी तार पाहा, तव्यासारखी तापली."

भाऊजींनी येऊन पाहिलं. "हे नोय. हे अ‍ॅक्सिलेटरची केबल हाये. पायानं दाबतो ना, थे. तिच्यात करंटच नसते."

"नसते तर मायं बोट काय लाजून लाल झालं?"

भाऊजी उलटं ठेवलेल्या घमेल्यावर खाली बसले आणि त्या तारेवर वाकले. मग बोलले ते माझ्याशी नव्हे, त्या तारेशीच.

"नोकरीत असताना एकदा खालचा नाला बुजला होता. आम्ही वरून पाणी सोडलं. बांध्या भरल्या, पण पाण्याले बाहेर जायले वाटच नाही. मंग त्यानं एका गरिबाचा धुरा फोडला, न त्याच्या बांधीतून निघालं. त्याचे पऱ्हे वाहून गेले. अन् पाणी चोरलं म्हणून आम्ही त्यालेच धरलं." मग तारेकडे बोट करून म्हणाले, "हे केबल चोर नोय, वहिनी. पाणी तिच्या अंगावरून चाललं."

मला निम्मं कळलं. त्यांना मात्र सगळं कळलं होतं. ते तडक गाडीखाली सरपटले आणि आतून आवाज आला, "सापडली!" इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत तारांची एक जाड वेणी असते. वीज ज्या कामाला आली ते झालं की तिनं बॅटरीकडे परत जायचं, ते या वाटेनं. ती वेणी हिरवी पडून तुटली होती. जाण्याची वाट अकरा दिवस तपासली, येण्याची कोणी पाहिलीच नाही.

"तुमच्या नजरेतून कशी सुटली जी? एवढे मोठे निरीक्षक!"

"आमच्या खात्यात पाणी सोडाचं काम होतं," गाडीखालून उत्तर आलं. "पुढं थे कुठं जाते, हे आम्ही कधी पाहिलंच नाही."

शेतातल्या मोटरपंपाची जाड वायर पडली होती, तिचा तुकडा कापून त्यांनी इंजिन आणि गाडीचं अंग जोडलं. चावी फिरवली. घर्र झालं, आणि गोठाभर काळा धूर. कोंबड्या छपरावर गेल्या. मीही जाणार होते.

"आता राजू येऊन डोळ्यानं पाहीपर्यंत बंदच करत नाही!" भाऊजी ओरडले. "ही वायर पंपाची हाये. एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेईन का नाही, सांगता येत नाही."

मला वाटलं, आता गाडी गल्लीत उभी करून मिशीला पीळ देत बसतील. पण त्यांनी ती उलटी बाहेर काढली, इंजिन चालूच ठेवलं आणि ओसरीवर गेले. पार्वताबाईचे केस विंचरले, पदर नीट केला, तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मला म्हणाले, "वहिनी, मागं बसा. अकरा दिवस झाले, तोल गेला तर धरा तिले."

तलावाच्या पाळीला लागून बांध्या आहेत. तिथं रोवणी रंगात आली होती. पंधरावीस बाया ओळीनं वाकलेल्या, गुडघाभर चिखलात. भाऊजींनी गाडी अगदी धुऱ्याला टेकवून उभी केली आणि तिच्या बाजूची काच खाली केली. बायांनी वर पाहिलं. एकीनं हात हलवला, काही तरी ओरडली. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. पार्वताबाईनं मान खिडकीबाहेर काढली. तिचे ओठ हलत होते.

भाऊजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चावी मागे फिरवली. इंजिन बंद.

"भाऊजी! काहून बंद केली? राजू येतच असन! पुन्हा सुरू नाही झाली तर?"

"तिले आयकू येत नोयतं," ते म्हणाले.

शांत झालं. आणि चिखलातून हाक आली, "काय व पार्वता मावशी, इतके दिवस कुठं होती? आमाले रागवाले कोणी नोयतं ना!"

मग मी ऐकलं. वाकड्या तोंडातून, एकेक शब्द ओढून काढत पार्वताबाई म्हणाली, "ओळ... वाकडी... काहून व? पऱ्हे... दाट लावून रायल्या."

"आली व आली! आता कंबर सरळ करू देत नाही!" बाया खिदळल्या. ती पुन्हा बोलली. कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाचा पाय बरा झाला का. थांबत, अडखळत, पण बोलत राहिली. तीन वर्षं मी रोज तिच्या खाटेवर बसले आणि मला वाटलं होतं, हिचं बोलणं गेलं.

भाऊजी दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. खिशात फोन वाजला. राजूचा आवाज मला मागेही ऐकू आला.

"बाबा, मी घरी पोचलो. गोठ्यात गाडी नाही. सुरू झाली का?"

"झाली."

"मग आवाज कसा येत नाही? पुन्हा बंद पडली?"

"पडली नाही. मी केली."

"बाबा, तुम्ही आहात कुठे? टोचन घेऊन येऊ का तिकडे?"

भाऊजींनी फोन तोंडाशी नेला, त्यावर हाताचा आडोसा धरला आणि अगदी हळू बोलले.

"थोडा दम धर, राजू. तुही माय बोलून रायली."