चार चाव्यांचं जू

मांडणीवरची पितळी पातेली पुन्हा एकदा आपोआप थरथरली, तशा ठमाबाई चुलीपुढूनच ओरडल्या, “अमृत, बंद कर रं ते! ऐकू तर काय येत न्हाई, नुसती भांडी हालत्यात!”

बाहेरच्या खोलीत अमृतला मात्र कोणी शाबासकी दिल्यासारखा आनंद झाला. भांडी हलली म्हणजे बास, खर्जातला सूर, लागला. ही दोन हजार एक सालातली गोष्ट. महाळुंगे पडवळमध्ये तेव्हा बास गिटार एकच होती, आणि ती नक्की कशासाठी असते हे गावात एकट्या अमृतला माहीत होतं. बाकीच्यांचं म्हणणं असं, की पोरानं गिटार घेतली ती दोन तारा कमी असलेली, आणि देणाऱ्यानं त्याला चक्क गंडवलं.

अमृत मंचरला पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. त्यामुळे तारांची थरथर पकडणारा गिटारचा पिकअप त्यानं पंख्याच्या बारीक तारेतून स्वतः गुंडाळला होता. आवाज मोठा करायला बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची पोटातली सगळी सामग्री काढली होती आणि स्पीकर टोमॅटोच्या लाकडी खोक्यात बसवला होता. गिटारचं मूळ अंग फुटकं होतं, म्हणून घरातले जेवायचे दोन पाट एकमेकांना चिकटवून त्यानं नवं अंग कापलं. तेव्हापासून त्या घरी पाव्हणे पोत्यावर बसून जेवत होते. एवढं सगळं जमलं, पण दांडा वाकलेला तो वाकलेलाच. वरच्या बाजूला सूर ठीक लागायचा आणि बोट जरा खाली सरकलं की तारा दांड्यावर फडफडायच्या.

ही गिटार दिली होती जुन्नरच्या तालिबभाईंनी. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, आणि यंदा गावच्या यात्रेत संध्याकाळी त्यांचाच कार्यक्रम ठरला होता. “देखो अमृत,” ते म्हणाले होते, “यात्रेपर्यंत ही वाजती करून आण. स्टेजवर तुझी जागा पक्की. नाय जमलं, तर आमचा कीबोर्डवाला डाव्या हातानं बास वाजवतोच, त्याचं काय अडत नाय.” या एका वाक्यावर अमृतनं महिनाभर झोप घेतली नव्हती. आपल्या गावच्या स्टेजवर, आपल्या माणसांसमोर, आपण बनवलेली गिटार वाजवायची, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी त्यानं तारा पिळायच्या जुन्या चाव्या काढून घेतल्या, वाकडा दांडा कोपऱ्यात टाकला आणि एका पडक्या दाराची सागवानी उभी पट्टी खांद्यावर टाकून तो भिमाजी सुताराकडे गेला. गिटारचं नाव मात्र काढायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. भिमातात्याला कळलं की पारावर कळतं, आणि पारावर कळलं की अण्णांना. अण्णा म्हणजे सयाजी, त्याचे वडील. त्यांच्या लेखी जगात ऐकण्यासारखा आवाज एकच, बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या भोंग्याचा.

“बरं झालं आलास,” लाकूड बघताच भिमाजी म्हणाला. “वाटच बघत व्हतो.”

वाट कशाची, हे अमृतला कळेना. पण कोणी प्रश्न विचारत नाही म्हटल्यावर त्यानंही विचारलं नाही. इथंच घोळ झाला. कारण सयाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की यात्रेच्या बारीला, म्हणजे शर्यतीला, नवं जू करायचंय, लाकूड पोराच्या हाती पाठवतो. आणि मग ते लाकूड पाठवायचं साफ विसरले होते.

“कसं पाहिजे बोल.”

“हलकं पाहिजे तात्या. पण कितीबी ताण आला तरी वाकता कामा न्हाई.”

“बराबर.”

“आन् गुळगुळीत. कुठं टोचता कामा न्हाई.”

“हे मला शिकवतो व्हय रं? एवढी वर्सं करतोय. टोचलं तर बिचाऱ्यांची कातडी निघती.”

बिचारी म्हणजे बोटं, अशी अमृतनं समजूत करून घेतली. या माणसाला संगीतातलंही कळतं की काय, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

“लांबी आत्ता कापू नका. पुढचं माझं मी बघतो.”

“कापतोय कशाला! येडा हाय का मी?”

मग अमृतनं खिशातून चार चाव्या काढल्या. बासच्या चाव्या चांगल्या दांडगट असतात, एकेक कानाएवढी. भिमाजीनं एक फिरवून बघितली आणि त्याचे डोळे चमकले.

“ह्यानं आवळायचं व्हय?”

“आवळायचं, ढिलं करायचं. पायजे तसं.”

“लई भारी राव! आमाला हे कसं सुचलं न्हाई?”

अमृतनं खाली पडलेल्या भुशात बोटानं चित्र काढलं. लांब दांडा आणि चारही चाव्या एका टोकाला. भिमाजीनं मान डोलवली. आणि पोरगा वळल्यावर त्यानं ते चित्र पायानं पुसलं. चारही एकाच टोकाला! मग दुसऱ्या बाजूचा बैल काय मोकळा पळणार? सयाजीच्या पोराला गाड्यातलं ओ का ठो कळत नाही, हे गावाला ठाऊकच होतं. भिमाजीनं दोन चाव्या या टोकाला, दोन त्या टोकाला, अशी बिनचूक वाटणी करून टाकली.

“अण्णांना एवढ्यात बोलू नका,” जाता जाता अमृत म्हणाला होता.

“न्हाई बोलत. सरप्राइज द्यायचंय ना?” भिमाजीनं डोळा मारला. अमृतला तो डोळासुद्धा कळला नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी तो दांडा आणायला गेला, तर सुताराचा कट्टा रिकामा. “घरी पोचला की! अण्णानं नेला सकाळीच. लई खूश हाय गडी!” अमृत धावत घरी आला. अंगणात चौरंगावर त्याचं सागवान ठेवलेलं, हळदीकुंकू लावलेलं. दोन्ही बाजूंना बैलांच्या मानेसाठी खाच. खाचेच्या दोन्ही अंगांना शिवळांच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या, आणि प्रत्येक खुंटीशेजारी एकेक चकचकीत चावी.

“अण्णा, हे...”

सयाजी उठले. हा माणूस पोराशी बोलायचा तो ‘जेवला का’ आणि ‘मोटार चालू कर’ एवढंच. त्यांनी अमृतच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचा आवाज जड झाला.

“लेका, मला वाटायचं तुझं माझ्या गाड्याकडं ध्यानच न्हाई. आन् तू तर गपचीप हे करत बसला व्हता! बैलाच्या मानेखालची जोत्याची दोरी आवळायला चाव्या! आख्ख्या तालुक्यात असं जू न्हाई बघ.”

आता तुम्हीच सांगा, अशा बापाला काय सांगायचं? की अण्णा, हे जू नाही, ही गिटार आहे? आयुष्यात पहिल्यांदा बापानं खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो नेमका चुकीच्या वस्तूसाठी ठेवला होता.

तो मुकाट्यानं आत गेला. निदान जुना दांडा तरी जोडू, चाव्यांचं काहीतरी बघू, म्हणून कोपऱ्यात शोधाशोध करू लागला.

“आये, हितं एक वाकडं लाकूड व्हतं?”

“ते व्हय? बंबात घातलं. पाणी कसलं झकास तापलं म्हणून सांगू!” ठमाबाई म्हणाल्या. “वाकडं व्हतं पण वाळल्यालं व्हतं.”

अमृत पोत्यावर बसला. मग त्यानं हिशेब मांडला. बारी दुपारी, कार्यक्रम संध्याकाळी. गाडा हरला की जुन्या जुवासारखं हेही अण्णा गोठ्यात फेकून देणार. ते उचलायचं, कापायचं, तारा चढवायच्या आणि स्टेज गाठायचं. तेव्हा गाडा हरणं भाग होतं. सयाजीच्या घरात देवापुढं हात जोडून गाडा हरावा म्हणणारा तो पहिलाच माणूस असेल.

दुसऱ्या दिवशी घाटावर ही गर्दी. सयाजींनी बैल जुंपले, दोरी चाव्यांना गुंडाळली आणि अंदाजानं पिळायला लागले. अमृत शेजारी उभा होता. त्यानं गप्प बसायला हवं होतं, अगदी गप्प. पण डाव्या बैलाची दोरी ढिली आणि उजव्याची घट्ट, हे त्याला बघवेना. बेसूर वस्तू समोर असताना त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

“अण्णा, सरका जरा.” त्यानं दोरीवर बोट मारलं, कान लावला, चावी अर्धा पिळा फिरवली. मग दुसरी. मग तिसरी. चारही दोऱ्या एकसारख्या बोलायला लागल्यावरच तो थांबला. बैलही कान हलवायचे थांबले आणि शांत उभे राहिले.

“आसं करायचं अस्तंय व्हय!” सयाजी थक्क होऊन म्हणाले.

आपण काय करून बसलो हे अमृतच्या ध्यानात आलं तेव्हा निशाण पडलं होतं. भोंग्यावर बहिरू होता, गावचा पुकारणारा. “आला आला आला, सयाजीचा गाडा आला! बघा कसा सरळ रेषेत चाललाय! भिर्रर्र...!” दोन्ही बैलांवर सारखा ताण, कोणी कोणाला ओढत नव्हतं, कोणी मागं राहत नव्हतं. गाडा सुतात गेला आणि घाटात पहिला आला. भंडारा उधळला, हलगी कडाडली, लोकांनी सयाजींना खांद्यावर घेतलं, आणि भिमाजी सुतार ज्याला त्याला सांगत सुटला, “चाव्या पोराच्या, पण जागा माझी!”

अमृतला रडावं की नाचावं हे समजेना. दोन्ही एकदम येत होतं. गर्दी जरा पांगल्यावर तो बापाच्या कानाशी लागला.

“अण्णा, आता ते जू मला द्या. घरी नेतो.”

“घरी? आन् ठेवणार कुठं? पहिला नंबर आल्यालं जू देवाला नारळ फुटस्तवर भुईला टेकवायचं न्हाई. आपल्या घरची रीत हाय.”

“नारळ कधी फुटणार?”

“कार्यक्रम झाल्यावर. आधी स्टेजवर सत्कार हाय जुवाचा. तवर तूच धर. तूच केलंयस.”

अशा रीतीनं संध्याकाळी अमृत खरोखरच स्टेजवर चढला. हातात भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, हार घातलेलं जू. सत्कार झाला, शाल झाली, भाषण झालं. आता उतरावं, तर जू खाली ठेवता येईना आणि खालच्या गर्दीत ते घेऊन शिरता येईना. स्टेजवर मोकळी जागा एकच होती, ड्रम आणि कीबोर्डच्या मधली. ती तालिबभाईंनी बाससाठी राखून ठेवली होती.

“तिथं उभा राहा,” तालिबभाई वैतागून म्हणाले. “हलू नको. गिटार कुठाय तुझी?”

“हीच,” अमृत म्हणाला.

तालिबभाईंनी जुवाकडं बघितलं, जुवावरच्या चाव्यांकडं बघितलं. आपल्याच गिटारच्या चाव्या त्यांनी ओळखल्या. “या अल्ला,” एवढंच बोलून ते माइककडे वळले.

गाणी सुरू झाली. जू जड होतं, म्हणून अमृतनं खिशातला गिटारचा पट्टा काढून त्याला अडकवला आणि गळ्यात घातला. आता ते कमरेशी आडवं आलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात बास वाजवत होता. अमृतला सगळी गाणी तोंडपाठ. त्याची बोटं नकळत लाकडावर फिरायला लागली, पाय ठेका धरायला लागला, डोळे मिटले. तार एकही नव्हती. पण महिनाभर मनात वाजवलेलं सगळं त्यानं त्या लाकडावर वाजवून घेतलं, आणि खरं सांगायचं तर अंगावर काटा आला त्याच्या.

बहिरूनं ते बघितलं आणि भोंगा ओढला. “आणि बासवर, आपल्या गावचा, घाटात पहिल्या आलेल्या जुवासकट, अमृत!” टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पुढच्या रांगेत ठमाबाई शेजारणीला सांगत होत्या, “बघ, आमच्या घरी नुसती भांडी हालायची. हितं कसा सोच्छ ऐकू येतोय!” सयाजींनी तर टोपी काढून डोळे पुसले. जो तो हेच बोलत होता, की एवढे ऑर्केस्ट्रे ऐकले, पण असा बास न्हाई ऐकला.

कार्यक्रम संपला, नारळ फुटला, आणि अमृत मान खाली घालून तालिबभाईंसमोर उभा राहिला.

“माफ करा तालिबभाई. लई घोळ झाला.”

“घोळ कसला? आणे गावचे लोक आले होते ऐकायला. त्यांच्या यात्रेला बोलवलंय आपल्याला. आणि बोलले, तो जू-वाला पायजेच.”

अमृतला आधी आपण नीट ऐकलं का तेच कळेना. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“खरं? मग बघाच तुमी! आजच कापतो, दांडा करतो, नव्या तारा चढवतो. आण्याला असला वाजवतो ना तालिबभाई...”

तालिबभाईंनी घाईघाईनं त्याचा हात धरला.

“अरे नको, नको! पब्लिकला तुझा आवाज आवडलाय. आता तारा लावून तो बिघडवू नकोस.”