तुकिनेमची चालायची परीक्षा

"आज संध्याकाळच्या बसने आई माझ्यासोबत सेमारांगला! लिहून ठेवा!" वाकिजानने सकाळी सकाळीच गल्लीभर दवंडी पिटली.

बिचाऱ्याचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याची म्हातारी आई तुकिनेम या महिन्यात दोनदा पडली होती. एकदा विहिरीपाशी, आणि एकदा भर बाजारात पेचेल, म्हणजे चटणी घातलेल्या उकडलेल्या भाज्या विकता विकता, थेट शेंगदाण्याच्या चटणीच्या पातेल्यात! विचारलं तर म्हणे, "पडले कुठे? अंगात वारा शिरला होता. शेजारणीने नाण्याने पाठ खरवडली, गेला निघून!"

शेवटी मायलेकांचं ठरलं. गावच्या सभागृहात आज म्हाताऱ्यांची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी धडधाकट म्हटलं तर पेचेलचं दुकान चालू. नाहीतर दुकान बंद, आणि मुक्काम सेमारांग शहरात, लेकाच्या सातव्या मजल्यावरच्या घरात.

"त्या खुराड्यात मी मरेन रे!"

"आणि इथे पडून मेलीस तर?" वाकिजान कळवळून म्हणाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, खुर्चीतून उठायचं, खडूच्या रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं."

म्हातारी ताडकन उठली, चार पावलं झोकात टाकली, आणि अचानक कमरेत मोडली! गुडघे वाकले, एक हात जमिनीकडे, चाल खेकड्याची!

"अगं बाई! धरा, धरा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"बघा! अशीच पडते!" वाकिजान उडालाच.

"गप रे मेल्या! रेघेपाशी सरपंच बसलेत, दिसत नाही? मोठ्यांच्या पुढून ताठ मानेने जाऊ?"

खरंच, माजी सरपंच जोयो तिथे आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. ते ओशाळले आणि म्हातारीच्या मानासाठी उठून उभे राहिले. झालं! सरपंच आपल्यासाठी उठले म्हणून म्हातारी आणखी वाकली. ती वाकली म्हणून सरपंच वाकले.

"तुम्ही आधी जा."

"छे छे, तुम्ही!"

कोंबडीची अंडी शोधायला निघाल्यासारखी दोन म्हातारी माणसं जमिनीला टेकायला आली. इकडे वाकिजान नखं खात येरझाऱ्या घालतोय, "अहो, लिहा ना नापास!"

"तुम्ही आधी बसा हो एका जागी!" डॉक्टरीणबाई खेकसल्या.

सरपंचांना पडद्याआड नेलं, तेव्हा कुठे म्हातारी सरळ चालली. आणि काय चालली! बस चुकत असल्यासारखी!

"चाल उत्तम आहे."

"मग पडते कशी?"

बाईंनी तिला आडवं करून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. म्हातारी डुलली आणि तिने लेकाचीच कॉलर धरली.

"उठलं की दाब धाडकन उतरतोय. गोळ्या कुठल्या घेता?"

म्हातारीने कमरेची पुरचुंडी सोडली. "ही दवाखान्यातली. आणि ह्या लेकाने पाठवलेल्या. लेकाने दिल्या, नको कसं म्हणू?"

"अहो, ह्यापण रक्तदाबाच्याच! कुणाच्या आहेत?"

वाकिजानची छाती फुगली. "माझ्या! सेमारांगच्या बड्या डॉक्टरच्या. मला गुण आला, म्हटलं आईलाही येईल."

"मग तुम्ही काय घेता?"

"मी? मी... मला बरं वाटायला लागलं होतं ना..."

"बसा खुर्चीत!"

पट्टा फुगला. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा यंत्राकडे. आई पास! तिचा लेकाच्या गोळ्यांचा खुराक तिथेच बंद झाला, लेकाचा सुरू झाला. दाब खाली येईपर्यंत प्रवास नाही, दगदग नाही, आईच्या घरी नुसतं पडून राहायचं!

दुसऱ्या दिवशी पहाटे तुकिनेमने सावकाश उठून टोपली भरली. चटईवर पडल्या पडल्या वाकिजान तळमळत होता.

"एकटा विहिरीवर जाऊ नकोस. काही लागलं तर शेजारणीला हाक मार."

"आई, मी बावन्न वर्षांचा आहे!"

"म्हणून तर सांगते. आता या वयात घरच्यांचं ऐकावं बाबा," असं म्हणून म्हातारीने बाहेरून कडी घातली आणि ती बाजाराला गेली.