मेश्रामभाऊंची टाच

मेश्रामभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर उजवी टाच जोरात आपटत आणि मगच आत येत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, पाहुणे चिखल झाडताहेत. तिनं पायपुसणं पुढं सरकवलं. भाऊ म्हणाले, भरावाची जमीन आहे, पण चालून जाईल.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ते पायाच्या खोदकामावर मुकादम होते आणि सेक्टर दोनमध्ये आमचे शेजारी. दिवसभर जमीन ठोकून पाहायची सवय अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या मांडवात टाच, बाजारात टाच, एकदा तर मयताला गेले तिथंही टाच. निकाल बहुतेकदा ठरलेला. "इथं पाया नाई बसत."

या निकालाचा खरा जाच होता भाऊंच्या बायकोला, आमच्या वहिनींना. क्वार्टर नोकरीपुरतं, पुढं आपल्या हक्काच्या भिंती असाव्यात एवढंच त्यांचं मागणं. भिलाई-तीन वस्तीतली जागा भाऊंच्या टाचेनं गेली. मग जवळच्याच उतई गावात कडुलिंबासकट एक जागा वहिनींच्या मनात भरली, तिथंही भाऊंनी टाच मारून मान हलवली. मालक होळीनंतर थांबणार नव्हता. यांच्यासाठी आता पाताळातच प्लॉट बघावा लागेल, असं वहिनी हसून सांगत, पण त्या जागेसाठी त्यांचा जीव तुटत होता.

त्याच होळीला माझ्या मेहुण्यानं आम्हा दोन्ही बिऱ्हाडांना ओडिशात बोलावलं. समुद्राजवळच्या एका लहानशा स्टेशनवर तो मास्तर होता. स्टेशनापलीकडे वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागं दलदल, आणि ती सगळी जागा पक्ष्यांसाठी राखलेली. ते उथळ पाणी, लव्हाळी, शेकडो बदकं पाहून मी अगदी सुखावलो. भाऊ मात्र समुद्राकडे पाठ करून टेकडीवर टाचा मारत होते. पाय घोट्यापर्यंत आत जाई. वाऱ्यानं वाळू डोळ्यांदेखत सरकत होती. इतकी नालायक जमीन जन्मात पाहिली नाही, म्हणाले, आणि भलतेच खूश झाले.

दलदलीच्या कडेला त्यांनी पुन्हा टाच उचलली, तोच एक टिटवी किंचाळत थेट त्यांच्या टोपीवर आली. मागून राखणदारही ओरडला. भाऊंनी खाली पाहिलं. पायाखाली वाळूतच ठिपक्याठिपक्यांची अंडी. काडी नाही, आडोसा नाही. भाऊ बगळ्यासारखे एका पायावर उभे राहिले. मग हलकेच मागं सरले आणि लांब जाऊन बसले. टिटवी परत अंड्यांवर येऊन बसली. आम्ही शिदोरी सोडली तरी भाऊ उठेनात.

वहिनी आणि मी भाकरी घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते टिटवीकडेच बघत होते. बघता बघताच वहिनींना म्हणाले, "मी लहान होतो तवा आमच्या घरात नदी शिरली. पाया खचला अन् मातीची भित पडली. माय आतच होती." मग म्हणाले, "तुले घरात ठेवाचं म्हणलं का मले तेच दिसते."

इतक्या वर्षांच्या संसारात वहिनींनी हे पहिल्यांदा ऐकलं. मला तिथून उठावंसं वाटलं, पण पाय निघेना.

"अन् ही टिटवी पाहा," भाऊ म्हणाले, "वाळूवर बसून राहिली, सुखानं. उतईवाल्याले हो म्हणून टाकू. पण दारं दोन ठेवू. एक मागून."

वहिनींनी भाकरी त्यांच्या हातात दिली.

"चार ठेवा," त्या म्हणाल्या.