लॅव्हेंडरचा बंदोबस्त

शनिवारी सकाळी गच्चीवरची लॅव्हेंडरची कुंडी पुन्हा वीतभर सरकलेली दिसली, तेव्हा कुलूपकाकांची खात्री पटली की झाड चोरीला जातंय, फक्त थोडं थोडं. कुंडीभोवतीचं खडूचं वर्तुळ त्यांनी स्वतः आखलं होतं. चौतीस वर्षं कारखान्याच्या भांडारात किल्ल्या सांभाळलेल्या माणसाचं वर्तुळ चुकत नाही.

"वाऱ्याने सरकली असेल," बायको म्हणाली.

"मातीने भरलेली कुंडी? वाऱ्याने?"

"मग माझ्यावर संशय घेताय का?"

"संशय नाही, खात्री करून घेतोय."

झाड त्यांच्या ताईचं होतं. आठवड्यापूर्वी तिने ते हातात ठेवलं आणि बजावलं, "ऊन भरपूर, पाणी बेताचं. रविवारी येते. फुललं असेल तर तुझं, नसेल तर मी परत नेईन. तुझ्या हातात जिवंत वस्तू टिकत नाही." हे शेवटचं वाक्य काकांना फार लागलं होतं. भांडारातला एक खिळा त्यांनी कधी हरवू दिला नव्हता, पण घरात आणलेलं एकही रोप महिनाभर जगलं नव्हतं. हे त्यांना जगवायचंच होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ते कुंडीशेजारी खुर्ची टाकून राखण करत होते. तरी नऊच्या नऊ तुरे मिटलेले.

संशयाची सुई खालच्या मजल्यावरच्या टेलर मास्तरांकडे वळली. मास्तर कपडे वाळत घालायला येत आणि झाडाची चौकशी करत. कामाशिवाय चौकशी कोण करतं?

काकांनी कुंडीला साखळी बांधली, ती पाण्याच्या पाइपला अडकवून कुलूप लावलं. दुसरी किल्ली बायकोला दिली, कारण दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवायच्या नाहीत हा भांडाराचा नियम. मग दोन पत्रे उभे करून ते त्यांच्या आड स्टुलावर बसले. एका पत्र्याला भोक होतंच.

अकरा वाजता मास्तर आले. टॉवेल दोरीवर टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि झाडाचं पान चोळून बोटं हुंगली. काका पत्र्यामागून उभे राहिले.

"काय चाललंय मास्तर?"

मास्तरांच्या हातातले चिमटे खाली पडले. "वास घेत होतो, साहेब."

"आज वास न्याल, उद्या झाड न्याल."

"अहो, पण हे पत्रे तुम्ही इथे..."

"पत्र्यांचं मी बघून घेईन."

दुपारी काका जेवायला उतरत होते, तेव्हा जिन्यात कुजबुज ऐकू आली. बायकोचा आवाज होता. "त्यांना कळू देऊ नका, मास्तर. ते जेवून आडवे झाले की नेहमीसारखं."

परक्याचं एक वेळ समजू शकतं, पण घरचाच भेदी? चौतीस वर्षांच्या नोकरीत काकांना जे दुःख झालं नव्हतं ते आमटीभात कालवताना झालं. जेवण उरकून त्यांनी पलंगावर घोरल्यासारखं केलं आणि बायको स्वयंपाकघरात गेल्याबरोबर अनवाणी वर जाऊन टाकीमागे दबा धरून बसले.

दहा मिनिटांत दोघं आली. बायकोने किल्लीने कुलूप काढलं, मास्तरांनी कुंडी उचलली आणि सहा पावलं चालून ठेवली. एवढंच. दोघं तिथेच उभी राहिली.

"आता पुढे कुठे नेणार?" काका टाकीमागून बाहेर आले.

"कुठेही नाही," बायको शांतपणे म्हणाली. "उन्हात ठेवली. तुम्ही उठायच्या आत रोज अंदाजाने परत जागेवर ठेवतो. तुमच्या पत्र्यांची सावली पडते तिच्यावर."

"पत्रे आजचे आहेत. आठवडाभर काय होतं?"

"आठवडाभर तुम्ही होतात. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून सूर्याकडे पाठ करून बसायचात. तुमची सावली पडायची कुठे?"

काकांनी खुर्चीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग खडूच्या वर्तुळाकडे. हिशेब तंतोतंत जुळत होता. झाडाचं ऊन चोरणारा सापडला होता, आणि तो रोज सकाळी सर्वांत आधी गच्चीवर हजर असायचा.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायला गेलं की तुम्ही खात्री करून घेता."

साखळी सुटली. दुपारभर काका जिन्याच्या दारातूनच झाडाकडे बघत राहिले, तेही अंग चोरून.

रविवारी दहाला ताई आली. चार तुरे उमलून जांभळे झाले होते. काकांचा ऊर भरून आला. पण ताईने फुलांकडे पाहिलंच नाही. तिने आधी कुंडी तिरकी केली आणि वाकून तळाला काहीतरी शोधलं. तिथे नखपॉलिशचा लाल ठिपका होता.

"हे काय, ताई?"

"मीच लावला होता. तू नर्सरीतून फुललेलं आणून ठेवशील म्हणून."

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"संशय नाही रे, खात्री करून घेतली," ताई म्हणाली आणि कुंडी परत उन्हात ठेवली. "राहू दे तुझ्याकडेच."

बायको आणि कपडे वाळत घालायला आलेले मास्तर एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसले. काका मात्र पटकन दोन पावलं मागे सरले. ताईने झाड दिलं होतं, आणि त्यांची सावली अजून त्याच्यावर पडत होती.