संशोधकाने मध्ये बोलू नये

संशोधन कसं करावं, हे कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा! गेली सात वर्षं मी ते करतोय. एकच! लोक तीन-चार वर्षांत पीएचडी उरकून मोकळे होतात, त्यांना काय कळणार संशोधन? मी तर इंजिनिअरिंग कॉलेजात 'संशोधन पद्धती' हा विषयच शिकवतो. माणसं कशी निवडावीत, निरीक्षण कसं करावं, निष्कर्षाची घाई कशी करू नये, सगळं. त्यातल्या शेवटच्या मुद्द्यावर माझा हात धरणारा अजून कोणी भेटलेला नाही.

माझा विषय असा: तक्रार नोंदवायच्या वेबसाईट सामान्य माणसाला वापरता येतात का? त्यासाठी मी आमच्या गृहसंकुलासाठी स्वतःच्या हाताने एक वेबसाईट बांधली. तुम्ही तक्रार लिहायची. वेबसाईट ती वाचते, त्यातली कामं वेगळी करते आणि नळाचं काम प्लंबरला, दाराचं सुताराला असं ज्याचं त्याला धाडून देते. एखादं काम कोणाचं आहे हे तिला कळलंच नाही, तर ते ती संकुलातल्या एकूण एक रहिवाशाला पाठवते. ही शेवटची युक्ती खास माझी. फार अभिमान होता मला तिचा. होता!

आमच्याच संकुलात, समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या विद्यापीठाच्या संशोधन समितीच्या अध्यक्षबाई राहतात. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्या बुधवारी समितीचं पत्र हातात पडलं. 'यापूर्वी चार वेळा मुदत वाढवून देण्यात आली आहे. शुक्रवारी प्रत्यक्ष वापराच्या चाचणीची नोंद सादर न केल्यास आपली नोंदणी रद्द होईल.' सात वर्षं पाण्यात! घाबरून मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला.

"सर, दोन दिवसांत चाचणी कशी होणार?"

"सात वर्षांत कशी झाली नाही?" सर म्हणाले. सरांना उलट प्रश्न विचारायची सवयच आहे. "साठीच्या पुढचं, तुझी वेबसाईट आयुष्यात न पाहिलेलं एक माणूस धर. त्याला वापरायला बसव आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांग. सगळं रेकॉर्ड कर. आणि तू मध्ये एक शब्द बोलायचा नाहीस. बोललास की नोंद बाद!"

साठीच्या पुढचं माणूस! मी इकडे तिकडे पाहिलं. सोफ्यावर सासूबाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या.

सासूबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. अजूनही घरात शिरल्या की आधी पलंगाच्या चादरीचे कोपरे तपासतात. आठ दिवस राहायला आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघणार होत्या. म्हणजे संधी एकच. काही चुकलं तर दुसऱ्यांदा बसवून उपयोग नाही, कारण माणूस नवखं हवं. पद्धत म्हणजे पद्धत!

"आई, माझं एक काम कराल?"

"करीन की, जावईबापू. काय करायचं?"

"फक्त बोलायचं! ही वेबसाईट वापरायची आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मनात येईल ते? सगळं?"

"सगळं! गाळायचं काहीच नाही. आणि मी मध्ये बोलणार नाही, मदतही करणार नाही. तुमचं काम पूर्ण झालं की तुम्ही 'झालं' म्हणायचं. तोवर मी गप्प."

"तुम्ही गप्प," सासूबाईंनी खात्री करून घेतली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पुढचं उत्तर तिला आधी दिसतं. "अहो, एकदा विचार करा."

"अगं, जगमान्य पद्धत आहे ही!"

"पद्धतीचं नाही म्हणत मी. आईचं म्हणतेय."

बायकोचं ऐकलं असतं तर मी आज कुठच्या कुठे असतो. पण ऐकणाऱ्यांतले आपण नव्हे! मी कॅमेरा लावला, माईक लावला, लॅपटॉप उघडला.

आता एक कबुली. कुठलाही शहाणा माणूस वेबसाईटच्या दोन प्रती ठेवतो. एक खरी, लोकांसाठी. दुसरी चाचणीची, तिच्यावर काहीही करा, बाहेर काही जात नाही. चाचणी खऱ्या प्रतीवर करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढतो. पण त्या दिवशी माझी चाचणीची प्रत काही केल्या उघडेना. म्हटलं, जाऊ दे, खरीच उघडू. एक तक्रार तर करायची, नंतर पुसून टाकू. कोणाला कळणार आहे! कॅमेरा सुरू केला, समोर खुर्ची टाकून बसलो आणि तोंड बंद केलं.

"'काल्पनिक तक्रार नोंदवा,'" सासूबाईंनी मी दिलेला कागद वाचला. "काल्पनिक कशाला? या घरात खऱ्यांची काय कमी आहे?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"'तातडी किती?' अतितातडी. आमच्या वॉर्डात दुसरं काही नसायचंच. हं, आता लिहिते." एका बोटाने, पण ठामपणे त्या टाइप करू लागल्या, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने बोलूही लागल्या. "बाथरूमचा नळ गळतो, चार महिने. बाल्कनीचं दार अडकतं, दोन वर्षं. जावयांची पीएचडी अडकली आहे, सात वर्षं. घरात इंजिनिअर असून उपयोग नाही. ताबडतोब माणूस पाठवावा."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. तिला खोकला आला होता म्हणे!

सासूबाईंनी 'पाठवा' बटण दाबलं. पडद्यावर ढिम्म काही हललं नाही. तक्रार गेल्याचं कळेल अशी काहीतरी खूण दाखवायची, हे काम माझ्या यादीत तीन वर्षं होतं.

"गेलं की नाही गेलं?" त्यांनी पुन्हा दाबलं. "नाही वाटतं गेलं." पुन्हा. "कितीदा सांगावं तरी हलत नाही. अगदी जावईबापूंसारखं आहे हे बटण." पुन्हा, पुन्हा, पुन्हा! नऊदा दाबलं! प्रत्येक दाबाला एक तक्रार खऱ्या जगात रवाना होत होती आणि मी समोर बसून तिची वेळ वहीत टिपत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

मला वाटलं, आता म्हणतील 'झालं'. तेवढ्यात पडद्यावर यादी उमटली. प्रत्येक कामापुढे लाल अक्षरांत 'प्रलंबित'.

"प्रलंबित?" मेट्रन ताठ झाल्या. "मग काम पूर्ण कुठे झालंय? पेशंट घरी गेल्याशिवाय आम्ही केसपेपर बंद करत नसू. इथे तिन्ही ठिकाणी 'निवारण' दिसलं की मी 'झालं' म्हणेन. तोवर बसलेय मी!"

आणि पाय वर घेऊन बसल्या की हो!

बसल्या बसल्या मनात येईल ते मोठ्याने बोलणं चालूच होतं. मुलीला मागणी आली तेव्हा एक दंतवैद्यही होता. चांगला होता. मुलगी पाहायला आला होता तर आमचं अडकलेलं दार त्याने हलकेच उचलून उघडलं होतं, तेव्हाच कळलं की याला अडकलेली दारं हाताळता येतात. पण मुलीला इंजिनिअर आवडला. काय करणार! चाळीस मिनिटं मी त्या दंतवैद्याचे गुण ऐकले. कॅमेऱ्यानेही ऐकले.

धाड् धाड् धाड्! दारावर प्लंबर. हातात पाना, घामाने निथळलेला.

"पाणी कुठवर आलंय? नऊ अतितातडीच्या तक्रारी! मला वाटलं अख्खी इमारत बुडाली!"

मी उठून बाथरूमकडे बोट दाखवलं.

"साहेब, बोला ना! शॉक बसला काय?"

"त्यांना बोलायचं नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे तोवर."

प्लंबरच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की विचारू नका! "असं होय! मग मीही सांगून टाकतो. हा नळ मी मार्चमध्येच बदलत होतो. साहेब म्हणाले, थांब, आधी गळतीची आकडेवारी जमवू. बादली ठेवून मोजत होते!"

"मोजत होते?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज! वहीत!"

ती वही माझ्या हातातच होती. मी ती हळूच पाठीमागे सरकवली. सहा मिनिटांत नळ झाला. मागोमाग सुतार आला, दाराची बिजागरी घट्ट केली, दोन वर्षं अडकलेलं दार बोटाने उघडू लागलं. पडद्यावर पटापट हिरवं 'निवारण', 'निवारण'. उरलं एक. पीएचडीला कारागीर सापडला नव्हता, म्हणून माझ्या लाडक्या युक्तीप्रमाणे ती तक्रार दोनशे बारा घरांत गेली होती.

आणि दारात अध्यक्षबाई उभ्या राहिल्या! हातात मोबाईल, नाकावर चष्मा.

"मला नऊदा आलं हे," त्या म्हणाल्या. "'जावयांची पीएचडी अडकली आहे, ताबडतोब माणूस पाठवावा.' म्हटलं, आपणच जावं."

सात वर्षं डोळ्यांसमोरून गेली. म्हणजे फार काही गेलं नाही, पण गेलं. मला ओरडून सांगायचं होतं, 'मॅडम, ही चाचणी आहे! मी असा नाही!' शब्द अगदी दातांपर्यंत आले. बोललो तर नोंद बाद, नोंद बाद तर शुक्रवारी नोंदणी रद्द. नाही बोललो तर ही बाई आत्ताच, उभ्या उभ्या रद्द करणार! मी जीभ चावली आणि त्यांना हाताने खुर्ची दाखवली.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. "चाचणी चालू आहे? खरंच?"

मी मान डोलावली.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. सात वर्षांत त्यांना माझं काही आवडल्याची ही पहिलीच खूण. त्या शेजारी बसल्या आणि सासूबाई त्यांना म्हणाल्या, "बरं झालं आलात. एवढं एक बंद करा, म्हणजे मला 'झालं' म्हणता येईल."

"ते आज बंद नाही व्हायचं," अध्यक्षबाईंनी पडद्याकडे पाहत सांगितलं. "पण इथे 'काम चालू आहे' असा पर्याय आहे. तो लावू?"

"काम चालू आहे? नक्की?"

"नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण पर्याय आहे."

सासूबाईंनी घड्याळ पाहिलं. "हरकत नाही. पाळी संपली की केस पुढच्या पाळीकडे सोपवायची, असा आमचा नियम." त्यांनी मुलीला आतून बोलावलं. "ये गं! ही केस आता तुझ्याकडे. लक्ष ठेव, औषध वेळेवर दे, सबबी ऐकू नकोस. झालं!"

झालं!! एक तास बावीस मिनिटांनी मला बोलायची मुभा मिळाली. केवढं काय काय बोलायचं होतं! तोंडातून निघालं एवढंच, "पाणी..."

"हवं तेवढं प्या," प्लंबर म्हणाला. "नळ झालाय."

शुक्रवारी समितीने अख्खी नोंद पाहिली. दंतवैद्याचा भाग दोनदा पाहिला. मार्गदर्शक सर डोळे पुसत होते. कशाने, ते मी विचारलं नाही. निर्णय असा आला: वेबसाईट निरुपयोगी. बटण निरुपयोगी. परंतु अशा परिस्थितीत संशोधकाने पाळलेलं मौन विद्यापीठाच्या इतिहासात अभूतपूर्व! नोंदणी कायम! मी आनंदाने उडीच मारणार होतो. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी पुढचं वाक्य वाचलं.

"मात्र एका माणसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही. अशीच आणखी अकरा माणसं बसवावीत. घरातली असल्यास उत्तम. ती मोकळेपणाने बोलतात."

घरी आलो तर निर्णय अध्यक्षबाईंच्या फोनवरून माझ्याआधीच पोचलेला आणि बायको लॅपटॉपसमोर बसलेली. कॅमेरा तिनेच लावलेला. शेजारी पाण्याची बाटली, उशी आणि चौकोनी वही. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत. वहीत पानापानावर एकेका वर्षाचा आकडा घातलेला मला लांबूनच दिसला.

"मी गणिताची," ती म्हणाली, "क्रमाने जाईन. तुम्ही बसा. आणि मध्ये बोलायचं नाही, नाहीतर नोंद बाद."

हे सगळं तुम्हाला बसून, गप्पा मारत सांगायला मला फार आवडलं असतं. पण लिहून सांगतोय, कारण चाचणी अजून चालू आहे. आज तिसरा दिवस. ती दुसऱ्या वर्षावर आलीये.